चेंडू पुसू नका: बेसबॉलच्या आठवणी जपायच्या कशा

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एक बेसबॉल आहे. अर्धा कळकट, अर्धा पांढरा. कळकट अर्धा शिकागोच्या रिग्ली फील्ड या मैदानावरून आला तसाच आहे. पांढरा अर्धा आईची कामगिरी. २०१५ च्या उन्हाळ्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी शिकागोला आले होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ‘किती मळलाय हा’ म्हणत तो ओल्या फडक्यानं घासायला घेतला आणि मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत निम्मं काम उरकलंही होतं.

तो मळ नव्हताच. मेजर लीगचा, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेचा, प्रत्येक चेंडू सामन्याआधी एका खास गाळानं चोळून घेतात. हा गाळ डेलावेअर नदीच्या परिसरातून, न्यू जर्सीच्या बाजूनं काढलेला असतो. त्यानं नव्या कातड्याची चकाकी मरते आणि पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) पकड मिळते. दुकानातला कोरा चेंडू आणि मैदानावरचा चेंडू यांतला फरक नेमका तेवढाच, आणि तोच आईनं पुसला. अर्थात मी आईला बोललो नाही. हे सगळं मलाच महिनाभरानं कळलं.

इकडे नव्यानं आलेली आपली मंडळी ऑफिसच्या गटाबरोबर किंवा मुलांच्या शाळेबरोबर एखाद्या सामन्याला जातात आणि चेंडू, टोपी, खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं, मान डोलावणारा बाहुला असं काहीतरी घेऊन घरी येतात. मग ते फ्रिजवर नाहीतर खिडकीत जाऊन बसतं. गेल्या दहा वर्षांत या बाबतीतल्या जवळजवळ सगळ्या चुका मी करून झालो आहे. तुम्ही निदान नव्या करा.

हाताशी काय हवं

- चेंडूसाठी अतिनील किरण अडवणारी प्लॅस्टिकची चौकोनी डबी. दुकानात ‘यूव्ही क्यूब’ म्हणून मागा.
- कार्डांसाठी पेनी स्लीव्ह (पातळ पाकीट) आणि टॉपलोडर (कडक पाकीट). दोन्ही लागतात, एकात एक.
- कागदपत्रांसाठी ॲसिड-फ्री फोल्डर.
- निळं साधं बॉलपेन.
- शिसपेन्सिल आणि शिवलेली वही. हिला कमी लेखू नका, पाचव्या पायरीला हीच लागणार आहे.

१. आधी ठरवा: आठवण की माल?

बातम्या वाचून माणूस बिघडतो. शोहेई ओहतानी या खेळाडूनं २०२४ मध्ये एकाच मोसमात ५० होमरन (आपल्या षटकारासारखे) आणि ५० स्टोलन बेस (चोरून पळत गाठलेले पुढचे थांबे) पूर्ण केले, आणि त्या ५० व्या होमरनचा चेंडू लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरला गेला. त्याआधी २०२२ मध्ये मिकी मँटल या जुन्या खेळाडूचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं होतं. हे वाचलं की आपल्या कपाटातल्या टोपीकडेही माणूस वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

बघू नका. तुमच्या-माझ्याकडे जे येतं त्याला बाजारात बहुतेक वेळा जेवणाच्या बिलाएवढीही किंमत नसते. हे एकदा मान्य केलं की बरंच सोपं होतं: दरवेळी ‘विकलं तर किती येतील’ हा हिशोब डोक्यात चालत नाही, मुलाला चेंडू हातात धरू देता येतो, सहीच्या वर मुलाचं नाव लिहून घेता येतं. माल म्हणून जमवायचं असेल तर तो वेगळा धंदा आहे, आणि त्यात माझा सल्ला ऐकू नका.

२. चेंडू हाती येतो कसा

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षकाचा. तो परत मागत नाहीत. पूर्वी मागायचे. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकानं चेंडू परत द्यायचं नाकारलं, त्याला बाहेर काढलं, त्यानं संघावर दावा लावला आणि १०० डॉलर भरपाई मिळवली. पुढे चेंडू ठेवून घेण्याची रीतच पडली.

बाबांना हे मी सांगायला विसरलो होतो. बाबा सांगलीत क्लब क्रिकेटच्या सामन्यांना वर्षानुवर्षं गुणलेखक म्हणून बसले, त्यामुळे नियमांच्या बाबतीत कडक. एक फाउल बॉल (खेळाच्या रेषेबाहेर गेलेला फटका) पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर आपटून त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो शांतपणे उचलला, उभे राहिले, आणि खांद्यावरून हात फिरवून थेट मैदानात फेकला. थ्रो चांगला होता. आसपासचे लोक मात्र बघतच राहिले. रिग्लीवर चेंडू परत फेकायची प्रथा आहे, पण ती पाहुण्या संघाच्या होमरनपुरती. फाउल बॉल कोणी परत देत नाही.

शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, वर्षभराचं तिकीट असलेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. मग काय खाणाखुणा केल्या देव जाणे, पण डाव संपल्यावर बॉलबॉयनं कठड्यापाशी येऊन एक चेंडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बाबांच्या मांडीवर ठेवला आणि बजावलं, “हा खिशात घाला. आणि पुन्हा उठू नका.”

आता कामाचं. डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) शेवटापर्यंत तरी सगळीकडे जाळी असते, त्यामुळे फाउल बॉल हवा असेल तर जाळी संपते त्यापुढची, पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूची जागा घ्या. डाव संपला की खेळाडू आत जाताना चेंडू फेकतात, ते बहुतेक हातमोजा घातलेल्या मुलांकडे. बाळ कडेवर असताना चेंडूच्या मागे जाऊ नका. तो दगडासारखा येतो.

चेंडू नाही मिळाला तरी रिकाम्या हातानं परतू नका. बऱ्याच मैदानांवर पाहुण्यांच्या मदत कक्षात पहिल्या सामन्याचं प्रमाणपत्र फुकट देतात, फक्त मागावं लागतं. आणि दारात स्कोअरकार्ड मिळत असेल तर ते नक्की घ्या.

३. सही घ्यायची असेल तर

सामना सुरू व्हायच्या बराच आधी पोहोचा, दारं उघडल्या उघडल्या. कठड्यापाशी, डगआउटजवळ किंवा फाउल लाइनच्या कडेला उभे राहा. एकच वस्तू पुढे करा. पेनाचं टोपण आधी काढून ठेवा. खेळाडूला मिस्टर अमुक म्हणून हाक मारली तर मान वळते, नुसतं ओरडलं तर नाही.

सहीची जागा ठरलेली आहे. चेंडूवर टाक्यांच्या दोन ओळी जिथे सगळ्यात जवळ येतात आणि जिथे छापील मजकूर नसतो, ती अरुंद पट्टी. तिला स्वीट स्पॉट म्हणतात. चेंडू देताना तीच बाजू वर धरून द्या.

चेंडूवर मार्कर चालवू नका. कातड्यात शाई पसरते आणि काही वर्षांत अक्षराला मिशा फुटतात. चेंडूला निळं बॉलपेन. फोटो, कार्ड आणि बॅटला मार्कर. ‘अमुकला प्रेमपूर्वक’ असं लिहून घेतलं तर बाजारभाव पडतो असं संग्राहक सांगतात. पडू दे. माझ्या मुलीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेला एक चेंडू आमच्याकडे आहे, आणि घरात सगळ्यात जास्त वेळा तोच हातात घेतला जातो.

४. खरं आणि खोटं

इथे पैसे बुडतात. माझे बुडाले. एका मॉलमधल्या दुकानातून मी जुन्या नामवंत खेळाडूच्या सहीचा चेंडू घेतला. सोबत सोनेरी किनारीचं जाड प्रमाणपत्र होतं. वर्षभरानं सही तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवला, तर उत्तर आलं: सही अस्सल वाटत नाही. प्रमाणपत्र ज्यानं चेंडू विकला त्यानंच छापलेलं होतं. लग्नाच्या मुलाचं चारित्र्य त्याच्या मामाला विचारावं तसं झालं.

ही लबाडी किती मोठी होती ते ऐका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयनं खोट्या सह्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवली. सॅन डिएगोचा खेळाडू टोनी ग्विन याला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. त्यानंतर २००१ पासून मेजर लीगनं स्वतःची पडताळणी सुरू केली. सामन्याला त्यांचा माणूस हजर असतो, वापरलेली वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर आली तरच तिला होलोग्रामची चकती लागते. चकतीवरचा क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकला की ती वस्तू कुठल्या सामन्यातली ते दिसतं. म्हणून विकत घेताना होलोग्राम बघा, आणि क्रमांक दुकानात उभं राहूनच तपासा, घरी येऊन नव्हे. चकती नसलेल्या जुन्या सहीसाठी पीएसए, जेएसए, बेकेट अशा कंपन्या फी घेऊन मत देतात. ते मत असतं, साक्ष नव्हे.

आणि आता नव्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट. तुम्ही स्टँडमध्ये पकडलेल्या चेंडूला ही चकती मिळत नाही. गर्दीत गेलेला चेंडू पडताळणी करणाऱ्याच्या नजरेआड होतो. विक्रमाच्या वेळी चेंडूंवर आधीच गुप्त खुणा केलेल्या असतात, तो अपवाद. म्हणजे तुमच्या चेंडूला साक्षीदार कोण? तुम्हीच.

५. त्याच दिवशी लिहून ठेवा

बाकी सगळ्या पायऱ्या चुकल्या तरी चालतील, ही चुकवू नका. वस्तू टिकते, ती कुणाची, कशी आली, हे दहा वर्षांत उडून जातं. घरोघरच्या गराज सेलमध्ये पाच-पाच डॉलरला पडलेले चेंडू बघा. प्रत्येकावर कुणाचा तरी एक दिवस होता, आता कुणाचाच नाही.

घरी आल्यावर, झोपायच्या आधी, वहीत एवढं लिहा: तारीख, मैदान, दोन्ही संघ, कोण जिंकलं, तुम्ही कुठल्या रांगेत होतात, बरोबर कोण होतं, वस्तू नेमकी कशी हाती आली, काय खाल्लं, हवा कशी होती. खाणं आणि हवा लिहाच. पुढे वाचताना आधी तेच जिवंत होतं. तिकिटं आता बहुतेक फोनवरच असतात आणि मोसम संपल्यावर ॲपमध्ये शोधूनही सापडत नाहीत, म्हणून स्क्रीनशॉट काढून छापून वहीत लावा. जुनी कागदी तिकिटं थर्मल कागदावरची असतील तर ती आपोआप पुसट होत जातात, त्यांची झेरॉक्स आजच करा.

वस्तूला मात्र काही चिकटवू नका. डबीखाली एक आकडा, वहीत तोच आकडा, एवढं पुरे.

स्कोअरकार्ड भरायला शिकलात तर नोंदीचं अर्धं काम तिथेच होतं. मैदानावरच्या नऊ जागांना आकडे असतात: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा, ५ तिसरा, ६ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), ७, ८, ९ डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड. शॉर्टस्टॉपनं उचललेला चेंडू दुसऱ्या बेसकडे आणि तिथून पहिल्याकडे गेला, दोघे बाद, तर ६-४-३. स्ट्राइकआउटला ‘के’, बॅट न फिरवताच बाद झाला तर उलटा ‘के’. ही पद्धत रुजवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, आणि इकडे येऊन आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. हे सांगितल्यावर बाबांनी पेन्सिल मागून घेतली. त्यांचं कार्ड आमच्याकडे आहे. आकडे सगळे देवनागरीत, ६-४-३ च्या पुढे ‘छान’ असा शेरा, आणि उलट्या ‘के’च्या जागी त्यांनी स्वतः शोधलेली खूण, उलटा ‘त्रि’. त्रिफळ्याचा.

चेंडूवरचे टाकेही त्यांनी मोजले होते. १०८ दुहेरी टाके. “जपमाळ आहे की रे ही,” म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात, सांगलीत, बाबा गेले. त्याच नोव्हेंबरात रिग्लीच्या कब्स संघानं १९०८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, जिंकलं. १०८ वर्षांनी. पुन्हा १०८. तेव्हा शिकागोतले लोक रिग्लीच्या विटांच्या भिंतींवर खडूनं आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहीत होते: आजोबा, वडील, काकू, ज्यांना हे बघायला मिळालं नाही ते सगळे. मीही गेलो आणि बाबांचं नाव देवनागरीत लिहिलं. फोटो काढला. खडूच तो, टिकणार थोडाच. परवा मुलीनं विचारलं, कुठे लिहिलं होतंस? भिंत वेव्हलँड रस्त्याकडची की शेफील्ड रस्त्याकडची, मला आठवेना. फोटोत फक्त विटा आहेत. वहीत त्या दिवसाची नोंद नाही.

६. ठेवायचं कुठे

बेसमेंट नको, ओल असते आणि कधीतरी पाणी शिरतं. ॲटिक नको, उन्हाळ्यात भट्टी होते. आतल्या खोलीतलं कपाट सगळ्यात चांगलं. ऊन तर शत्रूच. सहीचा एक चेंडू मी हौसेनं दक्षिणेच्या खिडकीत ठेवला होता; तीन उन्हाळ्यांत निळी सही फिकट जांभळी झाली, आता तिरपा उजेड पाडला तरच वाचता येते. चेंडूवर वार्निश किंवा शेलॅक लावू नका. पूर्वी लोक लावायचे, ते चेंडू आज मधासारखे पिवळे दिसतात.

कागदाला लॅमिनेशन, सेलोटेप, रबरबँड यांतलं काहीही नको. हात धुऊन, कोरडे करून धरा आणि फोल्डरमध्ये आडवं ठेवा. सामन्यात घातलेली जर्सी असेल तर धुऊ नका. तिच्यावरची माती हाच तिचा दाखला. दुकानातली जर्सी खुशाल धुवा. हातमोज्याला तेल थोडंच, बोटाच्या टोकानं. नरम व्हावा म्हणून ओव्हनमध्ये ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, तसलं करू नका. मान डोलावणाऱ्या बाहुल्याला डोक्याला धरून उचलू नका, आणि त्याचा खोका टाकू नका.

७. कुणी जुन्या कार्डांचा खोका दिला तर

हे इथे हमखास होतं. घर बदलणारा शेजारी म्हणतो, लहानपणीची कार्डं आहेत, घेऊन जा. खोका उघडा आणि साल बघा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत कार्डं इतकी छापली की आज ती रद्दीच्या भावात आहेत. त्या काळाला इथे ‘जंक वॅक्स’ म्हणतात. न फोडलेलं पाकीट दिसलं तरी हुरळू नका. साल बरंच जुनं असेल तर मात्र कोपरे बोथट झालेत का, चित्र चौकटीच्या मध्यावर आहे का, ते बघा आणि मगच ग्रेडिंगला (कंपनीकडून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवायचा विचार करा. ग्रेडिंगची फी कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त व्हायला वेळ लागत नाही.

पण खोका घेण्याआधी शेजाऱ्याला पाच मिनिटं बसवा. मी बसवलं. त्यानं एका कार्डाच्या मागचा तपकिरी डाग दाखवला. टॉप्सच्या पाकिटात १९९१ पर्यंत च्युइंगमची पट्टी यायची, तिचा तो डाग. गम कडक असायचा, खडूसारखा, तरी ती पोरं चघळायचीच, दुकानाच्या पायरीवर बसून. कार्ड नाकाशी धरून हुंगलं त्यानं, आणि ते एक परत मागून घेतलं. बाकी ८०० माझ्याकडे आहेत. त्यांचं काय करायचं मला माहीत नाही.

८. विमा, कर, विमान

भाड्याच्या घराच्या किंवा स्वतःच्या घराच्या विम्यात संग्रहाच्या वस्तूंना सहसा मर्यादा असते. किमती काही असेल तर फोटो काढून एजंटला विचारा. नफ्यात विकलंत तर वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्रहाच्या वस्तूंवर कराचा दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, शेअरपेक्षा जास्त. सीपीएला (हिशेब-कर बघणाऱ्याला) आधी गाठा. भारतात नेताना चेंडू हातातल्या बॅगेत चालतो, बॅट चालत नाही, ती चेक-इनमध्येच. आणि खरोखर ऐतिहासिक काही सापडलंच तर कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम (बेसबॉलचं संग्रहालय) वस्तू विकत घेत नाही, फक्त देणगी म्हणून स्वीकारतं.

वहीतली नोंद कशी असावी असं काही जणांनी विचारलं, म्हणून माझी पहिली उतरवून देतो:

“क्र. १. चेंडू. रिग्ली फील्ड, जून २०१५, शुक्रवार, दुपारी १.२० चा सामना. बाबा, आई, मी. ऊन, पण तळ्यावरून गार वारा. आईनं शाल घेतली. बाबांनी पकडलेला चेंडू हा नव्हे, तो त्यांनी परत केला. हा शेजारच्या आजींनी मिळवून दिला. नाव विचारायचं राहिलं. पांढरी बाजू आईनं पुसलेली. स्कोअरकार्ड सातव्या डावापर्यंतच भरलंय. पुढे दशम्या उघडल्या.”